जयमंगल अष्टगाथा : आपल्या लग्नमंडपातले आठ विजय

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत लिहा, असा कमिटीने आग्रह केला. आम्ही काही पंडित नव्हे. पाली आम्ही शाळेत शिकलो नाही, जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, विहाराच्या कपाटातली पुस्तकं घरी नेऊन वाचलं. म्हणून चूकभूल देणेघेणे.

विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. आपल्या वस्तीत लग्न असो की साखरपुडा, गृहप्रवेश असो की बाळाचं नामकरण, एक गोष्ट ठरलेली. सगळे उभे राहतात, हातात फुलांच्या पाकळ्या येतात आणि जयमंगल अष्टगाथा सुरू होते. गाथेच्या शेवटच्या चरणावर पाकळ्या पडतात. आठव्या गाथेनंतर टाळ्या वाजतात आणि मंडळी जेवणाच्या रांगेकडे वळतात. आम्ही स्वतः वीस-बावीस वर्षं अशा पाकळ्या टाकल्या. ह्या गाथा कुणी रचल्या, आठच का, त्यांत काय सांगितलं आहे, हे एकदाही कुणाला विचारलं नाही.

विचारलं ते एका कॉलेजच्या पोरानं. मागे आपल्याच चाळीत लग्न होतं. जेवताना तो आमच्या बाजूला बसला आणि म्हणाला, "काका, मी गाथेचा अर्थ वाचला. त्यात यक्ष आहे, नाग आहे, हजार हातांचा मार आहे. आपण तर चमत्कार मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना आपण? मग हे लग्नात कशाला म्हणतो?" आम्ही घास हातात धरून बसलो. उत्तर नव्हतं. पुढे तोच प्रश्न विहाराच्या बैठकीत आला, आवाज चढले, दोन कार्यकर्ते महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. हा लेख त्या पोराला दिलेलं उशिराचं उत्तर आहे, असं समजा.

आधी काय होतं?

आपल्या आज्या-पणज्यांच्या लग्नात मंगलाष्टकं होती, पण ती आपली नव्हती. जुनी माणसं सांगत की भटजी विटाळ होणार नाही एवढ्या अंतरावर उभा राहून मंगलाष्टक म्हणायचा. दक्षिणा मात्र त्याला चालायची. संस्कृत शब्द वऱ्हाडाला कळत नव्हते, आणि कळावेत अशी कुणाची इच्छाही नव्हती. ज्याच्या लग्नासाठी मंत्र म्हणायचा, त्याचीच सावली मंत्र म्हणणाऱ्याला चालत नव्हती.

ही गाठ पहिल्यांदा सोडवली ती महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी भटजीशिवाय लग्न लावून दाखवलं. नुसता भटजी काढून ते थांबले नाहीत. त्यांनी मराठीत नवी मंगलाष्टकं रचली. त्यांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, एकमेकांकडून वचन घेतात. म्हणजे लग्नात जे म्हटलं जातं ते नवरा-नवरीला कळलं पाहिजे, हा विचार आपल्या महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. बाबासाहेबांनी फुल्यांना गुरू मानलं, ते उगाच नव्हे.

१९५६ चं वर्ष

बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तिथले बौद्ध लोक विधी कसे करतात, धम्म रोजच्या जगण्यात किती जिवंत आहे, हे बघणं हाही त्या प्रवासाचा हेतू होता. १९५४ साली ते रंगूनच्या परिषदेला गेले. १९५५ साली त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. धर्मांतर म्हणजे नुसता दाखला बदलणं नव्हे. माणूस जन्मला, लग्न झालं, मेला, तर काय म्हणायचं आणि काय करायचं, याचीही सोय लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

२४ मे १९५६ रोजी परळच्या नरे पार्कात बुद्ध जयंतीची सभा झाली. आपल्या गिरणगावातलीच ही जागा. येत्या ऑक्टोबरात आपण बौद्ध धम्म स्वीकारणार, असं बाबासाहेबांनी त्या सभेत जाहीर केलं. आमचे वडील रात्रपाळी करून त्या सभेला गेले होते. शेवटपर्यंत त्यांच्या बोलण्यात ती सभा असायची.

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. नागपूरला कुशीनाराचे महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना पालीतून त्रिशरण-पंचशील दिलं. नंतर बाबासाहेबांनी स्वतः लाखो लोकांना त्रिशरण-पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. विचार करा, त्या मैदानात बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पाली तर कुणीच ऐकली नव्हती. तरी लाखो तोंडांनी ते शब्द एका सुरात उच्चारले. ज्यांना वेद ऐकायची बंदी होती, ते लोक अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेचे शब्द स्वतःच्या तोंडानं म्हणत होते. आपल्या वंदनेचा आपल्यापुरता इतिहास इथून सुरू होतो.

त्याच वर्षी बाबासाहेबांनी बौद्ध पूजापाठाची छोटी पुस्तिका तयार केली, पाली पाठ आणि त्याखाली मराठी अर्थ. पुढे महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा सोळावा खंड काढला, त्यात पाली व्याकरण आणि कोशाबरोबर हा पूजापाठही छापला. आजारी शरीरानं त्यांनी पालीचा कोश केला, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली पाहिजे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. महापरिनिर्वाणाच्या अवघे दोन दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी एका कार्यकर्त्याला पत्र पाठवून बौद्ध लग्न कसं लावावं हे कळवलं. होम नको, सप्तपदी नको. वधू-वरांच्या मध्ये पाटावर पाण्यानं भरलेलं नवं मातीचं मडकं ठेवावं. सुताच्या धाग्याचा मधला भाग पाण्यात राहील आणि दोन टोकं दोघांच्या हातात राहतील असं करावं. दोघांनी पांढरे कपडे घालावेत, आणि कुणीतरी मंगलसुत्त म्हणावं. झालं लग्न.

आमच्यासारख्या गिरणीत हयात घालवलेल्या माणसाला त्या धाग्याचं फार वाटतं. एक काळ असा होता की मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना साचेखात्यात घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागतं, अस्पृश्याची थुंकी सुताला लागली तर इतर कामगार बाटतील. साचेखात्यात पगार जास्त, तो आपल्याला बंद. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपाच्या काळात हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. आणि लग्नासाठी त्यांनी सांगितलं काय, तर सुताचा एक साधा धागा दोघांनी हातात धरा. सोनं नको, मुहूर्त नको, भटजी नको. ज्या सुताला आपला हात आणि तोंड चालत नव्हतं, तेच सूत आपल्या लग्नाला साक्षी.

दोन दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. ७ तारखेला दादरच्या समुद्रकाठी अंत्यसंस्कार झाले. तिथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी चितेच्या साक्षीनं प्रचंड जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. १६ डिसेंबरला मुंबईत बाबासाहेबांच्या हस्ते दीक्षा व्हायची होती. ती अशी रडत रडत झाली.

मग अष्टगाथा कुठून आली?

आता मूळ विषयाकडे येऊ. पत्रात बाबासाहेबांनी सांगितलं ते मंगलसुत्त. ते खुद्द त्रिपिटकात आहे, सुत्तनिपातात आणि खुद्दकपाठात. श्रावस्तीच्या जेतवनात भगवंतांना विचारलं गेलं की मंगल म्हणजे काय. उत्तरादाखल त्यांनी अडतीस मंगलं सांगितली. त्यांत ग्रह-तारे नाहीत, मांजर आडवं जाणं नाही. मूर्खांची संगत टाळणं, आईबापांची सेवा, बायकापोरांचा सांभाळ, नीट केलेला कामधंदा, दारूपासून दूर राहणं, अशी ती मंगलं आहेत. हा तर संसाराचा पाठच आहे.

जयमंगल अष्टगाथा मात्र त्रिपिटकात नाही. ती नंतरच्या काळातली रचना आहे, भाषा पाली, पण चाल संस्कृत वृत्ताची. कवीचं नाव गाथेत नाही. वृत्त आहे वसंततिलका, एका चरणात चौदा अक्षरं. आपल्याकडची जुनी मंगलाष्टकं बहुधा शार्दूलविक्रीडितात असतात, त्यांत एकोणीस अक्षरं. म्हणून दोन्हींची चाल वेगळी लागते. काही ठिकाणी बँडवाले किंवा हौशी गाणारे अष्टगाथेला मंगलाष्टकाची चाल लावायला जातात, तेव्हा शब्द ओढून-ताणून मोडतात, त्याचं कारण हेच.

ही गाथा एकट्या आपली नाही. श्रीलंकेत लग्नाच्या वेळी वधू-वर 'पोरुवा' नावाच्या सजवलेल्या चौथऱ्यावर उभे राहतात आणि पांढऱ्या पोशाखातल्या मुली जयमंगल गाथा म्हणतात. थायलंडमध्ये पहिल्या शब्दावरून तिला 'बाहुं' म्हणून ओळखतात. तिथे भिक्खू ती मंगल प्रसंगी म्हणतात आणि घरोघरचे उपासकही रोजच्या पाठात म्हणतात. धर्मांतरानंतर थेरवाद परंपरेत शिकलेले भिक्खू आपल्या वस्त्यांत आले. आनंद कौसल्यायनजींची दीक्षाही श्रीलंकेतलीच. त्या परंपरेतले पाठ आपल्या तोंडी रुळले. आणि आठ गाथा, शेवटी तोच तो चरण, त्यावर पाकळ्या, हे आपल्या लोकांना मंगलाष्टकाच्या जागी अगदी बरोबर बसलं. जुनं टाकलं तर त्या जागी काहीतरी लागतंच. रिकाम्या जागेत जुनंच परत शिरतं.

आठ विजय कोणते?

प्रत्येक गाथेत भगवंतांचा एक विजय सांगितला आहे, आणि शेवटी त्या विजयाच्या प्रभावानं तुमचं मंगल होवो अशी इच्छा. थोडक्यात सांगतो.

पहिला विजय मारावर. हजार हातांत शस्त्रं घेऊन, गिरिमेखल नावाच्या हत्तीवर बसून मार चाल करून येतो. भगवंत त्याला दान वगैरे सद्गुणांनी जिंकतात.

दुसरा आळवक यक्षावर. मारापेक्षाही उद्दाम, रात्रभर झगडणारा. तो 'बाहेर हो' म्हणाला तर भगवंत बाहेर गेले, 'आत ये' म्हणाला तर आत आले. शेवटी त्याचे प्रश्न ऐकून घेतले, उत्तरं दिली. शस्त्र कोणतं, तर क्षांती, म्हणजे सहनशीलता.

तिसरा नालागिरी हत्तीवर. राजगृहाच्या रस्त्यात देवदत्तानं मस्तवाल हत्ती अंगावर सोडला. त्याला मैत्रीच्या शिंपणानं शांत केलं.

चौथा अंगुलीमालावर. हातात तलवार घेऊन मागे धावणारा खुनी. तो पुढे भिक्खू झाला.

पाचवा चिंचेवर. पोटाला लाकूड बांधून ती भर सभेत आली आणि 'हे मूल तुमचं' म्हणाली. भगवंत शांत राहिले, खोटं आपोआप उघडं पडलं.

सहावा सच्चकावर. वैशालीचा गर्विष्ठ वादपटू, सत्य सोडून वादाचा झेंडा मिरवणारा. त्याला प्रज्ञेचा दिवा दाखवला.

सातवा नंदोपनंद नागावर. तो भगवंतांनी स्वतः नाही, शिष्य मोग्गल्लान यांच्याकरवी जिंकला.

आठवा बक ब्रह्मावर. आपला लोक, आपली सत्ता कायमची आहे, असं त्याला वाटत होतं. खोट्या मताच्या सापानं चावलेल्या त्या ब्रह्माला ज्ञानाचं औषध दिलं.

बंधू-भगिनींनो, ही यादी पुन्हा एकदा वाचा. आठ लढाया आहेत, पण एकीतही रक्ताचा थेंब नाही. दान, क्षांती, मैत्री, शांती, प्रज्ञा, ज्ञान, ही हत्यारं. आणि हरलेला कुणी मेला, असं गाथेत कुठे म्हटलेलं नाही. यक्ष शरण आला, हत्ती बसला, खुनी भिक्खू झाला. हरवलेल्याला सुद्धा माणसात आणणं, याला ही गाथा 'जय' म्हणते.

त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर

आता यक्ष आणि नागाचं काय? इथे आम्ही लपवाछपवी करणार नाही. गाथेत ऋद्धीचा, म्हणजे चमत्कारी सामर्थ्याचा उल्लेख आहे. नंदोपनंद हा फणा काढलेला नागच आहे. बाबासाहेबांनी नाग लोक हे माणसं होते, त्यांनी धम्माचा प्रसार केला, हे १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितलं. पण तो इतिहास ओढून ह्या गाथेला चिकटवणं बरोबर नाही.

वाट बाबासाहेबांनीच दाखवली आहे. १९५७ साली, त्यांच्या पश्चात, 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात माराचा प्रसंग आहे, पण मार म्हणजे मनातले वाईट विचार आणि विकार, असा त्यांनी तो मांडला. अंगुलीमाल आहे, पण एका गुन्हेगाराचं हृदयपरिवर्तन म्हणून. चिंचेची गोष्ट आहे, खोट्या आरोपाची गोष्ट म्हणून. म्हणजे बाबासाहेबांनी जुनी कथा फेकून दिली नाही आणि डोळे मिटून गिळलीही नाही. तिच्यातलं माणसाच्या कामाचं काय, ते काढून हातात दिलं.

तसंच आपण करावं. आठ शत्रू म्हणजे संसारात येणारी आठ संकटं समजा. मनातला लोभ, दारात येऊन गुरगुरणारा माणूस, पिऊन अंगावर येणारा नवरा किंवा भाऊ, चुकलेला पोरगा, बाईवर उठवलेली कंडी, शिकल्याचा गर्व, सापासारखा धरलेला डूख, आणि 'माझंच खरं, माझंच कायम' हा हट्ट. कोणत्या घरात हे आठ नाहीत? लग्नाच्या दिवशी दोघांना सांगायचं ते हेच, की हे येणार आहेत, आणि ह्यांना कशानं जिंकायचं ते ऐकून ठेवा. असा अर्थ लावला तर अष्टगाथा अंधश्रद्धा ठरत नाही. अर्थ न लावता म्हटली तर मात्र ती मंत्रच, मग ती संस्कृतात असो की पालीत.

आमच्या लहानपणी, १९८२ च्या संपानंतर, चाळीत फार वाईट दिवस होते. भांडी विकली गेली, माणसं दारूला लागली. शेजारच्या खोलीत एक आजी होती, अक्षरशत्रू, पण आठही गाथा तोंडपाठ. संध्याकाळी ती मोठ्यानं म्हणायची. आम्हा पोरांना वाटायचं, म्हातारी देवाला आळवते आहे. मोठेपणी तिच्या मुलानं सांगितलं, की तिला प्रत्येक गाथेची गोष्ट भन्तेजींनी सांगितली होती. घरी कामावरून काढलेला, पिऊन येणारा नवरा. तो येण्याच्या वेळेला ती तिसरी गाथा, नालागिरीची, पुन्हा पुन्हा म्हणत बसे. नवऱ्याची दारू गाथेनं सुटली, असं आम्ही म्हणणार नाही. ती सुटली नाही. पण त्या घरातल्या पोरांनी बाटलीला हात लावला नाही, आणि पोरांनी बापावर हात टाकला नाही. त्या आजीला जे कळलं होतं, ते आम्हाला पुस्तकं वाचून फार उशिरा कळलं.

विधी कसा असावा?

आपल्याकडचा क्रम बहुतेकांना माहीत आहे. भगवंतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला वधू-वरांनी पुष्पहार घालणं, मेणबत्ती आणि अगरबत्ती, त्रिशरण-पंचशील, बुद्धपूजा. मग वराच्या पाच आणि वधूच्या पाच प्रतिज्ञा. ह्या सिगालोवाद सुत्तातल्या पती-पत्नीच्या कर्तव्यांवर आधारलेल्या आहेत. मग अष्टगाथा, फुलं, हार, आणि आशीर्वाद. भन्तेजी किंवा महासभेचे बौद्धाचार्य तासाभरात सगळं नीट करतात.

पण अलीकडे काय होतं? गाथा सुरू असताना बाहेर डीजेची तपासणी चालू. फोटोवाला भन्तेजींना म्हणतो, जरा थांबा. पत्रिकेवर बुद्ध, आणि वेळ गुपचूप पंचांगातून काढलेली. पाकळ्यांच्या जागी कुठे कुठे परत अक्षता आल्या. विहाराच्या बैठकीत खूप चर्चेनंतर जे ठरलं, ते सर्व कुटुंबांच्या माहितीसाठी इथे देतो :

१. अष्टगाथेच्या आधी आठ विजयांचा मराठी अर्थ दोन-तीन मिनिटांत वाचला जाईल. वाचणारी शक्यतो आपल्याच वस्तीतली मुलगी किंवा मुलगा असेल.

२. गाथा चालू असताना वाद्य, फटाके बंद. तांदूळ फेकायचे नाहीत, फुलंच.

३. मंगलसुत्त वगळायचं नाही. पाण्याचं मडकं आणि सुताचा धागा ज्या कुटुंबाला हवा असेल, त्यांना विहारातर्फे मिळेल.

४. रविवारच्या धम्मवर्गात मुलांना गाथांचे उच्चार आणि गोष्टी दोन्ही शिकवायच्या.

पहिला नियम सुचवला कुणी? त्या जेवणाच्या पंगतीतल्या पोरानंच. आणि गेल्या लग्नात अर्थ वाचला, तोही त्यानंच. यक्षाच्या गाथेला थोडा अडखळला, पण वाचलं. वाचून झाल्यावर पहिल्या रांगेतली एक म्हातारी बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, हे असं होतं होय?" साठ वर्षं पाकळ्या टाकलेली बाई ती. तो शब्द आमच्या कानात अजून आहे. आमच्या पिढीनं तिला हे आधी सांगायला हवं होतं.

पुढच्या लग्नात पाकळी हातात घ्याल, तेव्हा एवढंच करा. आठ गाथांपैकी निदान एक गाथा अर्थासकट पाठ करून या. तुमच्या घरात ज्या शत्रूचा त्रास जास्त, तीच निवडा.

सर्वांचं मंगल होवो.

नमो बुद्धाय! जय भीम!